पोथीतली अहिंसा आणि दारातला बोकड

बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांची अडचण थोडक्यात अशी :

वय 41. माहेर खानापूर तालुक्यातलं, माळकरी घर. सासरी थोडी शेती, पती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला. लॉकडाऊनमध्ये त्यांनी वडिलांची सार्थ ज्ञानेश्वरी वाचायला घेतली, ती आजतागायत सुटलेली नाही. रोज पहाटे चहाचं आधण ठेवण्याआधी पंचवीस ओव्या, जमेल तेव्हा तुकोबांची गाथा. येत्या उन्हाळ्यात गावात बऱ्याच वर्षांनी महालक्ष्मीची यात्रा भरणार आहे. मुलगा लहानपणी डेंगीने दवाखान्यात होता, तेव्हा सासूबाईंनी देवीला बोकडाचा नवस बोलला होता. तो आता फेडायचा आहे. ताईंचा याला ठाम विरोध आहे. घरात वाद झाला, तेव्हा 'नवसाने पोरं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता' हे तुकोबांचं म्हणणं त्यांनी पाहुण्यांदेखत सासूबाईंना ऐकवलं. तेव्हापासून सासूबाई त्यांच्याशी बोलत नाहीत. गावच्या पारायणाला येणाऱ्या एका महाराजांना विचारलं, तर ते म्हणाले, "गुरूशिवाय ग्रंथ उघडलास म्हणून हे झालं. आधी माळ घे, आणि घरात फूट पाडू नकोस." ताईंना आता घरचा कुलाचार नको आणि महाराजांचा संप्रदायही नको. त्या विचारतात, "माझा देव पोथीत आहे. यात्रेच्या दिवसांत माहेरी जाऊन राहू का? मी ग्रंथाचं ऐकू की घराचं?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा तुमच्या बाजूने आणि एकदा तुमच्या सासूबाईंच्या शेजारी बसून. दोन्ही वेळा 'पाहुण्यांदेखत' या एका शब्दापाशी अडखळले. त्याच्याकडे पुढे येते.

आधी बोकडाचं. तिथे मी तुमच्या बाजूची आहे, आणि तुमची पोथीही आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना 'अहिंसा' हा शब्द आला की ज्ञानदेव तिथे मुक्कामच करतात. मूळ गीतेत तो एक शब्द आहे, त्याच्यावर त्यांनी ओव्यांमागून ओव्या घातल्या आहेत. पाऊस पडावा म्हणून यज्ञ करायचा आणि त्या यज्ञात पशू मारायचे, याला धर्म म्हणणाऱ्यांचा ते स्पष्ट शब्दांत समाचार घेतात. भूक भागवायला आपलाच हात तोडून शिजवावा, देवाभोवती आवार बांधायला देऊळच मोडावं, तसलं हे असं म्हणतात. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली हे मराठीत सांगितलं गेलं. तेव्हा दारात रक्त नको असं तुम्हाला वाटलं, ते तुमचं मनचं खूळ मुळीच नाही.

पण पुढच्या ओव्याही वाचा. तुम्ही वाचल्या असणारच, तरी आता या प्रसंगासाठी पुन्हा वाचा. अहिंसा ज्याच्या अंगी मुरली तो चालतो कसा, हे त्यात आहे. पाण्यातली लाट मोडू नये म्हणून बगळा जसा बेताने पाऊल टाकतो, तसा. आणि मग तो बोलतो कसा, हे येतं :

पुढां स्नेह पाझरे । माघां चालती अक्षरें ।
शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥

आधी माया पाझरते, अक्षरं तिच्या मागून चालत येतात. शब्द नंतर, कृपा अगोदर. ताई, बोकडाला वाचवणारी ओवी आणि ही ओवी एकाच प्रकरणातल्या आहेत, एकाच शब्दाच्या पोटातल्या. म्हणून मला विचारावंसं वाटतं, की त्या दिवशी पाहुण्यांसमोर तुकोबांचं ते वचन तुमच्या तोंडून निघालं, तेव्हा त्याच्या पुढे काय पाझरत होतं?

तुम्हाला दोष द्यायला हे विचारत नाही. हा घाव मी स्वतः घातलेला आहे, म्हणून विचारते.

आमच्या शहापुरातल्या घरी आजी आषाढात पोथी लावायची. माजघरात पाट, पाटावर लाल फडकं, त्यावर पोथी. बाहेरची झालेली मुलगी त्या चार दिवसांत माजघराचा उंबरा ओलांडत नसे. मी मागच्या दारी पायरीवर बसून ऐकायची. आत समईचा उजेड आणि आजीचा आवाज, बाहेर मी, मांडीवर गोणपाट. कितीतरी अध्याय मी असे भिंतीपलीकडून ऐकले आहेत. पुढे तिशीत चोखोबांच्या सोयराबाईंचा अभंग वाचनात आला, 'देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध'. वाटलं, ही बाई माझ्यासाठीच बोलली आहे. त्याच दिवाळीत घरच्या सगळ्यांसमोर मी तो अभंग आजीला म्हणून दाखवला. अर्थही सांगितला, वर विचारलं, "आता बोल, तुझी पोथी खरी की सोयराबाई खरी?" आजी ऐंशीच्या घरात होती. ती काही बोलली नाही. फडक्याच्या चारी कोपऱ्यांच्या घड्या घालत राहिली. त्यानंतर तिने माझ्यासमोर कधी मोठ्याने पोथी वाचली नाही. मी घरी असले की मनातल्या मनात वाचायची.

मी बरोबर होते. आजही बरोबर आहे. पण मी सोयराबाईंचा अभंग दगडासारखा फेकला, आणि ज्या आवाजाने मला ओवी दिली तो आवाजच बंद केला. पुढे घरातली ती रीत मोडली, ती माझ्या भाषणाने मोडली नाही. एका वर्षी माझी भाची अशीच मागच्या पायरीवर बसली होती. आईने आतून नुसतं म्हटलं, "ये गे, आत बस, तिथं डास आहेत." पुन्हा कुणी विषय काढला नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी येते. ग्रंथ एकीकडे आणि परंपरा दुसरीकडे, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ती वाटणी मान्य नाही. तुमच्या हातात ज्ञानेश्वरी आली कशी? वडिलांची होती. त्यांनी ती भजनात, पारायणात ऐकून ऐकून आपलीशी केली असणार. त्याही मागे जा. ज्ञानदेव सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा आदराने लिहून घेत होते, असं पोथीच्या शेवटीच म्हटलं आहे. पुढची तीनशे वर्षं लोक ती नकलून घेत राहिले, चुका करत राहिले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथमहाराजांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तेव्हा ती लोकांच्या तोंडी जिवंत होती, असं आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. पहाटे तुम्ही एकट्या वाचायला बसता, तेव्हा खोलीत इतकी माणसं असतात. ओवीची चाल तुम्हाला कुणी शिकवली ते आठवून बघा. माझा अंदाज, माहेरच्या देवळातल्या काकड आरतीने.

आपल्या भागात तर ही गोष्ट आणखी जवळची आहे. तुम्ही लिहिलं आहे की मुलगी कन्नड शाळेत जाते. अशा किती घरांत मुलांना मराठी अक्षर पहिल्यांदा नीट ओळखीचं होतं ते हरिपाठाच्या पुस्तकात! तीन दिवसांच्या पारायणात मांडवात बसलेली दहा वर्षांची पोरं शेजारच्याच्या पोथीत बोट ठेवून ओळ शोधत असतात, ते मी दरवर्षी पाहते. सरकारी कागद कन्नडात, शाळा कन्नडात किंवा इंग्रजीत, आणि ज्ञानदेव मात्र मराठीत. म्हणून एका महाराजांचं बोलणं पटलं नाही एवढ्यावरून तुम्ही पारायणाकडे पाठ फिरवू नये, असं मला फार वाटतं. त्यात तुमच्यापेक्षा तुमच्या मुलीचं नुकसान जास्त आहे.

महाराज जे बोलले त्यात थोडं खरं आहे आणि बरंच चूक. गुरूचं महत्त्व मी नाकारणार नाही. ज्ञानेश्वरीत निवृत्तिनाथांचं स्तवन किती ठिकाणी येतं ते तुम्ही वाचताच आहात. एकट्याने वाचताना माणूस आपल्याला हवं तेवढंच वाचतो, हा धोका खरा आहे, आणि अहिंसेच्या ओव्यांपैकी बोकडाच्या तेवढ्या तुमच्या लक्षात राहिल्या, यात तो दिसलाही. पण 'गुरूशिवाय ग्रंथ उघडू नये' असं एखाद्या बाईला सांगणं म्हणजे ज्यासाठी गीता मराठीत आली तेच उलटं करणं. आणि घरात फूट पाडू नकोस हा उपदेश सुनेलाच का? सासूबाईंना, तुमच्या यजमानांना कुणी तो केला?

बहिणाबाईंचं चरित्र तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा. शिऊरच्या म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते आपल्या शेजारी, कोल्हापुरात. जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग कानावर पडले, ध्यास लागला, आणि स्वप्नात त्यांचा अनुग्रह झाला. नवरा वैदिक ब्राह्मण. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावं हे त्याला सोसेना, त्याने तिला मारलं. हे सगळं तिने स्वतःच अभंगांत लिहून ठेवलं आहे. गुरू स्वप्नात भेटला, घर सोडलं नाही, आणि श्रद्धाही सोडली नाही. तिने मार सोसला म्हणून कुणी सोसावा असं मात्र मी चुकूनही म्हणणार नाही. मी सुचवते आहे ते सगळं, तुमच्यावर घरात हात उगारला जात नाही, हे धरून आहे. ज्या वाचक बहिणींच्या घरी तो उगारला जातो, त्यांचा प्रश्न कुलाचाराचा राहत नाही. त्यांनी आधी आपला जीव राखावा, माहेरच्यांना आणि पोलिसांना सांगावं.

आता सासूबाईंकडे वळू. आपण नवस 'फेडतो', आणि कर्जही 'फेडतो'. शब्द एकच आहे. तुमच्या सासूबाई त्या रात्री बेळगावच्या दवाखान्यात व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या असतील. नातवाच्या प्लेटलेट्स उतरत होत्या, डॉक्टरांची भाषा कळत नव्हती, हातात काही उरलं नव्हतं. त्या घटकेला त्यांनी आपल्याला जी ठाऊक होती तिच्याकडे उसनं मागितलं. नातू घरी आला. तेव्हापासून ते देणं त्यांच्या डोक्यावर आहे. त्यांच्या हिशेबी बोकड न देणं म्हणजे मुलाचा जीव पुन्हा तारण ठेवणं. तुम्ही याला अंधश्रद्धा म्हणता. मला त्यात आधी एका आजीची भीती दिसते आणि मग प्रामाणिकपणा. नवसाने मुलगा बरा झाला असं मी मानत नाही. सलाईनने, नर्सच्या जागरणाने आणि वेळेवर गाडी मिळाल्याने तो बरा झाला. पण सासूबाईंचा ऋण न बुडवण्याचा स्वभाव तुमच्या पोथीतल्या कुठल्याही सद्गुणाच्या शेजारी बसेल.

म्हणून 'नवस खोटा आहे' इथून सुरुवात करू नका. 'आई, देणं फेडायचंच आहे, पण देवी ते कशात घेईल?' इथून करा. हा प्रश्न त्यांच्या श्रद्धेच्या आतला आहे आणि त्याला वाटा आहेत. बळीच्या जागी कोहळा फोडायची रीत जुनीच आहे. नारळ तर आहेच. पुरणपोळीचा गोडा नैवेद्य देवीला पहिल्यांदा दाखवतातच. कित्येक गावांत देवीला कौल लावतात. नवस बदलून द्यायची परवानगी सासूबाईंनी स्वतः, त्यांच्या विश्वासातल्या पुजाऱ्याकडून मागावी. तुम्ही मध्ये पडू नका, आणि पुजाऱ्याला आधी जाऊन पढवून तर अजिबात ठेवू नका. ते कळलं की सगळंच संपलं. कौल मनासारखा आला नाही तर काय करायचं, हेही तुम्ही मनाशी आधीच पक्कं करून ठेवा.

तशी वेळ आलीच तर तुमची रेघ कुठे असावी? माझ्या मते, 'मी करणार नाही' इथे. मी ते हाताने करणार नाही, शिजवणार नाही, खाणार नाही. मुलांना समोर उभं करणार नाही. एवढं शांतपणे, आधीच, यजमानांना सांगून ठेवा, ऐन दिवशी स्वयंपाकघरात नको. 'मी कुणालाच करू देणार नाही' हे तुमच्या एकटीच्या हातात नाही. बाकीचं काम कायद्याचं आणि गावाचं. कर्नाटकात 1959 पासून पशुबळी प्रतिबंधाचा कायदा आहे. देवळात, त्याच्या आवारात, देवाच्या मिरवणुकीत किंवा जमावात बळी देणं हा गुन्हा आहे. यात्रेआधी अधिकारी बैठका घेतात, तेव्हा गावच्या कमिटीला हे ठाऊक असतंच. यजमानांनी कमिटीतल्या एखाद्या समंजस माणसाकडे विषय काढला, तर तुमच्या घरावरचं एकट्याचं ओझं हलकं होईल. अख्ख्या गल्लीने कोहळा दिला तर कुणाचीच देवी रागवत नाही!

एक वाट मला विशेष आवडते. मुलगी कन्नड शाळेत आहे ना, तिला बसवण्णांचं, म्हणजे बसवेश्वरांचं, 'हब्बक्के तंद हरकेय कुरि' हे वचन म्हणायला सांगा. येत नसेल तर ती शोधून काढेल. हरके म्हणजे नवसच. सणाला नवसाची मेंढी आणली, ती तोरणासाठी आणलेला पाला खात सुटली. आपल्याला मारणार आहेत हे तिला माहीत नाही. त्या दिवशीच जन्मली, त्या दिवशीच मेली. आणि शेवटी बसवण्णा विचारतात, हे कूडलसंगमदेवा, मारणारे तरी उरले का? बाराव्या शतकातलं हे वचन आहे, ज्ञानेश्वरीच्याही आधीचं. यात्रेच्या आदल्या दिवशी दारात बांधलेला बोकड मांडवाच्या आंब्याच्या डहाळीकडे मान लांबवतो, ते ज्याने पाहिलंय त्याला हे वचन सोसत नाही. तुमच्या सासूबाईंना बाजारापुरतं का होईना, कन्नड समजत असणारच. नातीच्या तोंडून ऐकलेलं त्यांना टोचणार नाही, आत मात्र जाईल. पण नातीला हेही सांगा, की आजीला उत्तर मागायचं नाही.

माहेरी जाण्याचं म्हणाल, तर मी नको म्हणेन. अशा यात्रेला लेकीबाळी माहेरी येतात. देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या आसनावर, बसते, बायका रांगेने ओट्या भरतात. त्याच दिवसांत घरची सून गावाबाहेर गेली, तर ते गावभर होतं, आणि बोकड तर कापला जातोच. तुम्हाला न दिसता कापला गेला, एवढाच फरक. हं, त्या एका दुपारचं तुमच्याने बघवणार नसेल, तर तेवढा वेळ विठ्ठलाच्या देवळात जाऊन बसा. संध्याकाळी परत या, पाहुण्यांना वाढा. वाढताना चेहरा पाडू नका.

आणि सगळा कुलाचार एका गाठोड्यात बांधून फेकून देऊ नका. यात्रेआधी गावात वार पाळतात, औत शेतात जात नाही, त्यात बैलाला आणि बाईला विसावाच मिळतो. लेकीला बोलावून साडीचोळी करणं, देवीची ओटी भरणं, दारात रांगोळी, भंडाऱ्याने पिवळं झालेलं अख्खं गाव, याने कुणाचं काय बिघडतं? तुमच्या पोथीतच, नवव्या अध्यायात, पान, फूल, फळ, पाणी भक्तीने दिलेलं देव घेतो असं आहे. अन्य दैवतांना श्रद्धेने भजणारेही मलाच भजतात, जरी ती रीत नीट नसली तरी, असंही त्याच अध्यायात आहे. रोज नवा देव धरणाऱ्याला ज्ञानदेवांनी तेराव्यात चांगलंच सुनावलंय हे मला ठाऊक आहे, तुम्ही ते काढून दाखवाल म्हणून आधीच कबूल करते. ग्रंथ मोठा आहे, ताई. त्यात दोघींना पुरेल एवढी जागा आहे.

मी स्वतः एखाद्या रीतीपाशी थांबते ती एवढंच बघायला, की तिने कुठल्या जिवाला इजा होते का, कुणाला दाराबाहेर बसावं लागतं का, आणि तिच्यापायी घर कर्जात जातं का. तिसऱ्या गोष्टीबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे, 'संघातून एक लाख उचलायचं चाललंय'. मला त्या ओळीची बोकडाइतकीच काळजी वाटली. रंगकाम, मांडव, दोन दिवसांच्या पंगती, पाहुण्यांची नवी लुगडी. हे देवीने मागितलेलं नाही आणि सासूबाईंच्या नवसातही नाही. शेजारच्या घरी पाचशे पान उठलं म्हणून आपल्याकडे सहाशे. नंतर दर आठवड्याला हप्त्याच्या दिवशी तुमच्या छातीत धडधडणार. इथे मात्र ठाम व्हा. यजमानांशी आकडा बोला, वहीत लिहा, त्याच्यावर जाऊ नका. गंमत म्हणजे इथे सासूबाई तुमच्या बाजूला येतील असा माझा कयास आहे. जुन्या बायका देवीला घाबरतात, पण सावकाराला त्याहून जास्त.

काही रीतींशी मात्र कसलीच देवाणघेवाण नाही. गेल्या वर्षी सौंदत्तीच्या बाजूने एका आईने विचारलं होतं, मुलीच्या केसांत जट आली, ती यल्लम्माची म्हणून मुलीला देवीला सोडा असं भावकी सांगते, काय करू? तिथे स्नेह, कौल, सबुरी काही नाही. मुलीला देवाला वाहणं हा कर्नाटकात कायद्याने गुन्हा आहे. जट कात्रीने कापायची, तेल लावून केस विंचरायचे आणि मुलीला शाळेत पाठवायचं. त्या आईने तसंच केलं. माणसाचा जन्म जिथे पणाला लागतो तिथे घर काय म्हणतं याला किंमत नाही.

तुमच्या घरी तसं नाही. तुमच्याकडे एक रुसलेली सासू आहे, एक हबकलेला नवरा आहे आणि अजून विकत न घेतलेला एक बोकड आहे. उन्हाळ्याला अजून वेळ आहे.

माळेचं तुम्ही तुमच्या सवडीने ठरवा. घ्यावीशी वाटली तर ज्यांच्या वागण्यावर तुमचा विश्वास बसेल अशा वारकऱ्याकडून घ्या, मागे लागलेल्याकडून नको. नाही घेतली तरी पहाटेच्या पंचवीस ओव्या कुणी काढून घेत नाही. पण एकटीने वाचणं थोडं कमी करा. एकादशीच्या दुपारी गल्लीतल्या तिघी-चौघींना बोलवा. एक ओवी एकीने वाचायची, दुसरीने आपल्या शब्दांत सांगायची. एखादी लिंगायत शेजारीण वचनं घेऊन आली तर फारच चांगलं. तिच्याही घरी हाच झगडा आहे. बसवण्णांनी देहालाच देऊळ म्हटलं, श्रीमंतांच्या देवळांपुढे आपले पाय खांब केले, आणि आज तिच्याकडेही मठ आहेत, मानपान आहेत, आणि 'आधी स्वामींना विचार' आहे. दोघींनी एकमेकींना वाचून दाखवलं तर कळेल की ही चुटपुट मराठी नाही आणि कन्नडही नाही.

आणि आज, हे वाचून झाल्यावर, सासूबाईंची माफी मागा. नवस बरोबर होता असं म्हणायचं नाही, कारण तुम्हाला तसं वाटत नाही. "आई, पाहुण्यांसमोर बोलले ते चुकलं" एवढंच. त्या बहुतेक काही बोलणार नाहीत. एखादी म्हणते, "देवीचं देणं हाय गे, ठेवून कसं चालंल?" तसं म्हणाल्या तर वाद घालू नका, नुसतं "व्हय" म्हणा. दोन-चार दिवस जाऊ द्या. मग संध्याकाळी दिवा लावून झाला की तेरावा अध्याय त्यांच्याजवळ बसून वाचा. यज्ञातल्या पशूपासून ते 'पुढां स्नेह पाझरे'पर्यंत, मधलं काही गाळू नका. अर्थ सांगू नका. वाचून झालं की पोथी मिटा आणि भाजी निवडायला घ्या. त्यांना त्यातलं काय ऐकू आलं, हे त्या कधीतरी आपणहून बोलतील, तेव्हा मला जरूर कळवा.